घामाची तपासणी

मंगळवार, १४ ऑक्टोबर

प्रिय वहिनी,

नमस्कार. तुझे गुडघे कसे आहेत? इकडे सगळं ठीक, असं आधी लिहिलं होतं, ते खोडलं. फोनच केला असता, पण दादा तुझा फोन स्पीकरवर टाकतो आणि तुझ्याऐवजी स्वतःच उत्तरं देतो. म्हणून पत्र. एकटी असताना वाच.

माझा दमा हा दमा नव्हताच. आमच्या एसटी डेपोतले ड्रायव्हर मला खोकल्यावरून ओळखतात. "पळा, बाई आल्या." तोच खोकला घेऊन या वेळी नव्या डॉक्टरीणबाईंकडे गेले. वयाने लहान आहे, पण ऐकून घेते. छातीचा फोटो बघून तिने भलतंच विचारलं, "घाम फार खारट आहे का हो तुमचा?"

"चाखून पाहिला नाही," मी म्हटलं.

मग आठवलं. माझ्या काळ्या ब्लाउजवर घामाचे पांढरे डाग पडतात. घड्याळाचा पट्टा टिकत नाही, गंजतो. दादाचाही तसाच. घड्याळजी आम्हा दोघांना म्हणाला होता, "तुम्ही भावंडं समुद्रात राहता की काय?"

हातावर औषध लावून घाम काढला, तो तपासला, मग रक्त. आजाराचं नाव सिस्टिक फायब्रोसिस. आई आणि बाबा, दोघांकडून आलेला, जन्मापासूनचा. नाव कळायला पन्नाशी उलटावी लागली. माझा प्रकार सौम्य, म्हणून इतकी टिकले. कफ चिकट होत जातो, फुप्फुसं खराब होतात. औषधं आहेत, मी सुरू केली आहेत. काळजी करत बसू नकोस.

तर दादाची तपासणी व्हायला हवी. खोकला तोच, नाकाचं ऑपरेशनही माझ्यासारखंच झालेलं.

मध्येच उठले. गॅस बंद आहे का बघून आले. बंदच होता. मघाशीही बंदच होता.

डॉक्टरीणबाईंनी विचारलं, "भावाला मुलं किती?" नाहीत म्हटल्यावर तिने पेन खाली ठेवलं. हा आजार असलेल्या बहुतेक पुरुषांना मूल होत नाही, वहिनी. बाकी सगळं नीट असतं, फक्त बीज बाहेर यायची वाटच जन्मतः नसते. बायकांना होऊ शकतं. मला झालीच की मुलगी.

तू किती दवाखाने केलेस. सुया टोचून घेतल्यास, पोट उघडून घेतलंस. दादा बाहेर बाकावर पेपर वाचत बसायचा. "मी धडधाकट आहे, माझं काय बघायचंय?" आईने घरातला पाळणा तुझ्यादेखत देऊन टाकला, तेव्हा तो पुसून दिलास तू.

त्याला हा आजार आहेच असं नाही. तपासल्याशिवाय मी शिक्का मारणार नाही. पण नुसतं त्याला कळवलं असतं, तर छातीचं तेवढं त्याने तुला सांगितलं असतं आणि मुलाचं गिळून टाकलं असतं. ते तुझं आहे. तुला आधी कळायला हवं.

पुढच्या गुरुवारी अकराची वेळ घेतली आहे. ओढून आण. कुरकुर करेल, करू दे. त्याला आधी सांगायचं की नंतर, भांडायचं की गप्प बसायचं, तुझं तू ठरव. मी मध्ये पडणार नाही.

फक्त या वेळी आत तो जाईल. तू बाहेर बाकावर बस. पेपर मी घेऊन येते.

तुझी,
वन्सं