पेडल खाली जातं का?

प्रिय जावईबापू,

पत्र बघून दचकू नका, घरी सगळे बरे आहेत. म्हणजे तसे बरे आहेत. अक्षर वेडंवाकडं आहे, चौथीनंतर शाळा सुटली ती सुटलीच, तेव्हा सांभाळून घ्या. हे फोनवर बोलायला तीनदा नंबर लावला आणि तीनदा तुम्ही उचलायच्या आत ठेवून दिला. तुम्हाला वाटलं असेल, म्हातारा पुन्हा भांडायला फोन करतोय.

सात महिने झाले, तुम्ही आमच्या दारात पाय ठेवला नाही. लेक येते, छकुलीला आणते, तुमचं नाव निघालं की खिडकीबाहेर बघत बसते. तुमचं तरी काय चुकलं? सगळ्या पाहुण्यांदेखत, तुमच्या थोरल्या भावासमोर मी म्हणालो होतो की हातात कसब नसेल तर दुसऱ्याची गाडी उघडू नये. तुम्ही फक्त हात पुसलेत, चपला घातल्यात आणि निघालात. माझ्या गाडीने धडकून फोडलेल्या नळाचं पाणी अंगणभर वाहत होतं आणि छकुलीने खडूने काढलेलं घर गाडीच्या पुढच्या चाकाखाली होतं. ती तेवढ्यात पाणी प्यायला आत गेली होती. त्यापुढचा विचार मला अजून करवत नाही.

माझं म्हणणं एकच होतं, ब्रेक दाबला आणि गाडी थांबली नाही. ब्रेकला जोर देणारा तो काळा डबा, बूस्टर, त्यातला रबरी पडदा तुम्ही आठवडाभर आधीच बदलला होता. इंजिनाची ओढ घेऊन तो पायाला मदत करतो, हे मला तुम्हीच समजावलं होतं. तपासायची रीतही तुमचीच. इंजिन बंद ठेवून पेडल चारपाच वेळा दाबायचं, मग पाय तसाच दाबून धरून किल्ली फिरवायची. बूस्टर चांगला असेल तर पेडल पायाखाली आपोआप थोडं खाली जातं. गाडी तेव्हापासून अंगणातच उभी आहे, पण मी रोज सकाळी हे करून बघायचो. पेडल जागचं हलायचं नाही. रोज मला वाटायचं, बघा, माझंच खरं.

इतक्या जुन्या गाडीला नवा बूस्टर लवकर मिळेना. मिस्त्री सहा महिने शोधत होता, गेल्या बुधवारी घेऊन आला. तो डॅशखाली उलटा झोपून, शिव्या देत नट काढत होता आणि मी बॅटरी धरून उभा, लक्ष सगळं पेडलकडे. तो म्हणाला, काका, उजेड नटावर पाडा, माझ्या टकलावर नको. नवा डबा बसला. मी पेडल दाबून धरलं, किल्ली फिरवली. गेलं का खाली, त्याने विचारलं. नाही म्हटलं. पुन्हा केलं, पुन्हा नाही. मग तो स्वतः बसला आणि म्हणाला, जातंय की! मला वाटलं, थापा मारतोय. तावातावाने तुमच्या सासूबाईंना स्वयंपाकघरातून हाक मारली. त्या सीटवर त्या जन्मात बसल्या नव्हत्या. ओल्या हातांनी स्टीअरिंग घट्ट धरून त्यांनी पेडल दाबलं, मी बाहेरून हात घालून किल्ली फिरवली, आणि त्या किंचाळल्या, अगबाई, हे तर आपणहून खाली गेलं!

तुमच्या हातचा जुना बूस्टर मिस्त्रीने बाकावर ठेवला, काटा असलेल्या हातपंपाने त्यातली हवा ओढली आणि चहा मागितला. चहा संपेपर्यंत तो काटा तसूभरही हलला नाही, म्हणजे तुम्ही बसवलेला पडदा कुठेच गळत नव्हता.

सासूबाई मात्र माझ्या पायाकडे बघत होत्या. मध्ये एकदा मी बाजारातून एकाच चपलेने घरी आलो होतो, दुसरी कुठे गळाली ते मला कळलंच नव्हतं. त्यावरून त्यांनी महिनाभर माझी टर उडवली होती. आता हसल्या नाहीत. मला डोळे मिटायला लावून त्यांनी तळव्याला विणायची सुई टोचली. मी विचारलं, कधी टोचणार? डॉक्टर म्हणतात, साखरेने नसा गेल्या. मला त्यातलं फारसं कळत नाही. एवढंच कळतं की त्या दुपारी माझा पाय पुरता ब्रेकवर होता की अर्धा शेजारच्या वेगाच्या पेडलवर, हे मला शपथेवर सांगता येणार नाही. लेकीला अजून बोललेलो नाही. आधी तुम्हाला.

पत्र लिहायचं कारण असं. येत्या रविवारी छकुलीचा वाढदिवस आहे. तेच पाहुणे, तेच अंगण. तुमच्या थोरल्या भावांना मी स्वतः जाऊन बोलावून आलोय. त्या सगळ्यांसमोर उभं राहून हे सांगायचं ठरवलंय, पण ऐन वेळी जीभ वळेल की नाही याची धास्ती वाटते. मी स्वतःला ओळखतो, हवापाण्याचं बोलून खाली बसेन. म्हणून सगळं लिहून दिलंय. मी गप्प राहिलो तर हे पत्र तुम्ही मोठ्याने वाचा, काही गाळू नका, चपलेचंही नाही. त्यासाठी तुम्हाला यावं मात्र लागेल. जुना बूस्टर पुसून ठेवलाय, तोच परत बसवा, नवा माझ्याच्याने बघवत नाही. मग गाडी तुम्ही चालवा, छकुलीला मागे बसवा, मी शेजारी बसेन. वळण आलं की माझा पाय उगाचच खाली दाबला जाईल, तेवढं हसण्यावारी न्या.

तुमचाच,
छकुलीचा आजोबा