क्लच हलका करताना

२२ मार्च, रविवार

चहा पिता पिता प्रशांतने जाहीर केलं, गाडी विकायची. सिडकोतल्या कुणा मुलाशी बोलणंही झालंय म्हणे. "पौर्णिमेनंतर घेऊन जा म्हटलं त्याला." का, तर डावा हात वर करून बोटं मिटून दाखवली. करंगळी आणि तिच्या शेजारची अर्ध्यावरच थांबतात. दिवाळीच्या सुमारास गच्चीवर टाकी धुताना घसरला, मनगट मोडलं, तेव्हापासून हे. डॉक्टर म्हणतात पकड येईल, पण किती ते सांगता येत नाही. क्लच दाबायला गेला की नवऱ्याचा चेहरा बघवत नाही.

लग्नाआधीपासूनची गाडी. लाल, वाकून चालवायची, स्पोर्टची. हिच्यावर मागे बसून मी पहिल्यांदा त्याच्या कमरेला... जाऊ दे. दर बुद्धपौर्णिमेला पहाटे त्रिरश्मी लेण्यांवर वंदनेला आम्ही हिच्यावरूनच जातो. यंदा म्हणे रिक्षा करू.

मी गप्प बसले. मी गप्प बसले की घरात काहीतरी शिजतंय, हे याला इतक्या वर्षांत कळायला हवं होतं.

२५ मार्च

तो पहिल्या पाळीला सिन्नरला गेला की चारपर्यंत गाडी माझी. सांगून ठेवलंय, "गिऱ्हाईक बघायला येईल, पुसून ठेवते."

आधी माप. ब्लाउज शिवणारीला दुसरं काय सुचणार. तो बातम्या बघत होता तेव्हा त्याचा हात टेपने मोजला, अंगठ्याच्या बेचक्यापासून बोटांच्या पेरांपर्यंत. "काय चाललंय?" "हातमोजा शिवते." खोटं मला पटकन सुचतं.

क्लचचा लिव्हर त्याच्या बोटांना लांब पडतो. द्वारका चौकात जुन्या पार्टवाल्याकडे दुसऱ्या कुठल्या गाडीचा मिळाला, आत वळलेला. भोक कानशीने घासून बसवला. केबल सोडवून टांगली आणि वरून शिलाई मशीनचं तेल थेंब थेंब सोडलं. खालून काळं पाणी आलं. इतकी वर्षं माणूस काय दाबत होता कोण जाणे.

३० मार्च

काल दोन्ही मुठींवर बॅटची रबरी ग्रिप चढवली. मूठ जाड झाली की अर्धी मिटणारी बोटंसुद्धा धरतात.

आज उजवीकडची कापून काढलेली. प्रशांत म्हणाला, "तुझ्या रबराने रेस अडकत होती. सोडली तरी मागे येत नाही. नेईल कुणाला तरी भिंतीत."

खरं होतं त्याचं. मला सुचलंच नाही. "आणि रबर कशासाठी?" "शोभेला. गिऱ्हाईकाला आवडेल."

पण विकायच्या गाडीची रेस हा कशाला फिरवून बघत होता? म्हणाला, "पुसत होतो." बरं.

५ एप्रिल, रविवार

हा आईंकडे गेला होता, तेवढ्यात हँडल दोन्हीकडून जरा वर सरकवलं. वाकणं कमी, मनगटावर भार कमी. मग हँडल पूर्ण वळवलं तर तार ताणून क्लच आपोआप दाबला जायला लागला. सगळी तार सोडवून दुसरीकडून फिरवली. कपडा तिरका बेतला की काखेत ओढतो, तसंच हे.

हँडल वर गेलं ते त्याला दिसलं असणारच. हा पण गप्प.

९ एप्रिल

क्लच अजून जड. इंजिनपाशी एक छोटा दांडा आहे, तार त्याला अडकते. तो लांबवला तर कमी जोर लागेल. आमच्या मागच्या गल्लीत सलीमभाई ग्रील-दरवाजे करतात, त्यांच्याकडे घेऊन गेले.

"भाभी, गेट सांगा, जाळी सांगा. हे काय आणलं?"

"हलका करायचाय."

"हलका होईल. पण मग क्लच पूरा सुटणार नाही, ध्यानात ठेवा."

घाई मला. म्हटलं, करा. अंगठाभर लांबवून आणला. अहाहा, दोन बोटांत क्लच. गाडीवर बसले, चालू केली, पहिला टाकला. क्लच दाबलेला, तरी गाडी मुंगीच्या पावलाने पुढे, थेट कढीपत्त्याच्या कुंडीला टेकली. परत सलीमभाईंकडे. ते हसले नाहीत, चांगला माणूस. दांड्याला अलीकडे दुसरं भोक पाडून दिलं. आता थोडा जड, पण सुटतो.

कुंडीला टेकले तेव्हाची एक गोष्ट. घाबरून उजव्या हाताने ब्रेक दाबला, तर बोटं सहज पोचली. माझी. या गाडीच्या ब्रेकला माझी बोटं नेहमी पेरभर कमी पडायची. उजव्या लिव्हरला मी हातही लावलेला नाही.

१४ एप्रिल

जयंती. सकाळी पांढरी साडी, विहारात वंदना, दुपारी आईंकडे जेवण. संध्याकाळी फिरायला जावं म्हटलं तर डावा बूट सापडेना. उजवा जागेवर. गल्लीतल्या कुत्र्यावर संशय घेतला, बिचाऱ्यावर.

गाडीखाली सापडला. टोकाला ग्रीसचा काळा डाग. बूट गिअरच्या दांड्याखाली सरकवून बघितला, माझा सहा नंबर बरोब्बर बसला. दांडा खाली आणलेला, नटांवर पान्याचे ताजे चरे.

तिथेच पायरीवर बसले. म्हणजे याने हाताची आशाच सोडलीय. आणि गाडी सोडवत नाही, म्हणून मला बसवायला निघालाय पुढे. गिअरचं लायसन्स आहे माझ्याकडे, पण लग्नानंतर फक्त स्कूटी. रडू आलं. मग हसू आलं, बूट काय नेतो, मला विचारायचं की.

जेवताना सहज म्हटलं, "तो मुलगा कधी येणार गाडी बघायला?"

"कोण मुलगा?" म्हणाला. मग एकदम, "हां, तो. येईल."

१९ एप्रिल, रविवार

आज सोक्षमोक्ष. "बस गाडीवर," म्हटलं. बसला. "दाब क्लच."

दाबला. सोडला. पुन्हा दाबला. माझ्याकडे बघितलंच नाही, लिव्हरकडेच बघत राहिला. "हे सगळं तू?" म्हणाला.

मग पाय उचलून गिअर टाकायला गेला, तर बूट दांड्याखाली जाईना. नऊ नंबरचा पाय. ब्रेकचा लिव्हर बोटांना फारच जवळ. दोघंही हसलो, शेजारच्या काकू खिडकीत आल्या.

"तू बस," म्हणाला. बसले. क्लच, गिअर, ब्रेक, सगळं हाताशी आणि पायाशी.

"बघ, तुलाच बसते गाडी."

"मी तुझ्यासाठी केलंय, प्रशांत."

"मी तुझ्यासाठी. गिऱ्हाईकाला मागेच नाही म्हणून सांगितलं. मी मागे बसेन, मला चालतं. गाडी घरात राहू दे."

मला रागच आला. हात संपला हे डॉक्टर म्हणत नाहीत, हा म्हणतो. "अजून सहा महिने तरी तुला मागे बसू देणार नाही," म्हणाले. "आणि मी तुला पुढेच बसवणार," म्हणाला. घरात येऊन दोघांनी वेगवेगळा चहा केला. माझ्यात साखर विसरले.

२६ एप्रिल, रविवार

तो कॉलनीच्या कमानीपर्यंत जाऊन आला, उघड्या चपलेने, गिअर पायाच्या अंगठ्याने उचलत. उतरला तेव्हा डावा हात काखेत दाबून धरला होता, पण चेहरा लग्नाआधीचा. मी बर्फ लावला, खूप वेळ हात धरून बसले.

मग मी पाथर्डी फाट्यापर्यंत. दोनदा बंद पडली. तो मागे, माझ्या कमरेला धरून, एकही सूचना न देता. माझ्या नवऱ्याला हे जमलं म्हणजे जग बदललंय.

खरं सांगायचं तर मलाही आवडलं. त्याला सांगितलं नाही.

३० एप्रिल

उद्या पौर्णिमा. पांढरे कपडे इस्त्री करून ठेवले, मेणबत्त्या, फुलं पिशवीत. लेण्यांवर गाडीनेच जायचं, इतकं ठरलंय. पुढे कोण, यावर दोघंही बोलत नाही.

दुपारी गिअरचा दांडा मधोमध आणला. आता माझा बूट ढिला, त्याचा घट्ट, कुणाचंच धड नाही. एवढा हात घेऊन त्याला लेण्यांपर्यंत झेपेल का, माहीत नाही. झेपलं तर मला ते बघायचंय, मागे बसून, पूर्वीसारखं. म्हणून पहाटेचा गजर त्याच्याआधी लावलाय. उठून दांडा नऊ नंबरला करून ठेवते, मग बघू कसा नाही म्हणतो.

आत्ता पाना काढून ठेवायला गेले. दहाचा पाना डब्यात नाही. मशीनच्या खणातही नाही. प्रशांत भिंतीकडे तोंड करून पडलाय, उजवा हात उशीखाली घालून. इतक्या लवकर हा कधी झोपत नाही.