उताराचे वीस अंश

झाजेले, ९ फेब्रुवारी १९९४

ती. स्तेफान्या वन्सं यांस गेनोवेफाचा शि. सा. न.

येशू ख्रिस्ताची स्तुती असो. वि. वि. की हे पत्र बसून वाचावे. तुमचे बंधू बरे आहेत, एवढं आधी लिहिते आणि मग बाकीचं.

सोमवारी कमरेइतका बर्फ पडला. येंजेय नेहमीप्रमाणे फावडं घेऊन छपरावर चढले. आपलं घर डब्यासारखं, वर सपाट. बर्फ काढला नाही तर छत कुरकुरायला लागतं. मी चुलीपाशी होते. शेजारच्या लुडविनाबाईंनी खिडकीतून पाहिलं, तर फावडं उभं आणि माणूस आडवा. त्यांनीच ओरडून माणसं गोळा केली. चादरीत बांधून शिडीवरून उतरवलं. हृदयाचा झटका होता. डॉक्टर म्हणाले, या खेपेला निभावलं, पुन्हा चढलात तर मला बोलावू नका, फादरना बोलवा. आणि तुमचे बंधू खाटेवरून मला विचारतात, गुरुवारी आणखी पडणार आहे का. शिडी मी लुडविनाबाईंच्या गोठ्यात दडवून ठेवली आहे.

बार्तुश सुताराला विचारलं. तो म्हणतो, जुन्या घरांसारखं पंचेचाळीस अंश उताराचं छप्पर घाला, बर्फ आपला आपण घसरून जाईल, कुणाला चढायला नको. लाकूड, पत्रा, मजुरी धरून अकरा कोटी झ्लॉटी. आकड्याने दचकू नका, इथे पावसुद्धा दहा हजारांचा झालाय. गाय विकून आमचे चार जमतात. अर्धं घर तुमच्या नावे आहे, म्हणून विचारते. पुढचा हिवाळा या छपराखाली काढायची माझी हिंमत नाही.

तुमची माया आहे तशी राहू द्यावी, ही विनंती.

तुमची,
गेनोवेफा

शिकागो, २४ फेब्रुवारी १९९४

चि. सौ. गेन्या हिस अ. उ. आ.

युगानुयुग त्याची स्तुती असो. तुझं पत्र उभ्यानेच वाचलं, मग बसले. त्या येंजूला सांग, मी तिथे असते तर आजारी आहे म्हणून सोडला नसता, कान उपटले असते. बाबांचं लाकडी घर पाडून हा डबा त्यानेच बांधला ना? बाबा तेव्हाच म्हणाले होते, बर्फाला तुझी फॅशन कळायची नाही.

उरलेले सात कोटी माझे. बत्तीसशे डॉलर होतात, ते ओळखीच्या बाईबरोबर पाठवते. बँकेला उगाच कशाला कमिशन? माझी अट एकच. उतार उंच होतोय तर त्याखाली माळ्यावर एक खोली काढा, खिडकी डोंगराकडे. मोठी नको. एक पलंग आणि माझा शिवणाचा डबा मावला की झालं. उन्हाळ्यात महिना-दोन महिने येईन म्हणते.

पत्ता बदललाय, पाकिटावरून लिहून घे. काळजीचं कारण नाही. त्याला जप आणि मला विसरू नकोस.

तुझी वन्सं,
स्तेफान्या

झाजेले, १४ मार्च १९९४

ती. वन्संना सा. न. वि. वि.

प्रभूची स्तुती असो. डॉलर पोचले, दोनदा मोजून देव्हाऱ्यातल्या पुस्तकात ठेवले. तुमचे बंधू अंगणापर्यंत चालतात. शिडी कुठे आहे, हे मात्र दिवसातून एकदा तरी विचारतातच.

आता जे लिहायचं त्यासाठी तीन दिवस पेन हातात धरून बसले होते. परवानगीच्या कागदावर शेजाऱ्याची सही लागते. आपले जमिनीचे पट्टे किती अरुंद, तुम्हाला ठाऊक आहे. आपल्या भिंतीपासून हातभर अंतरावर लुडविनाबाईंची हद्द, आणि समोरच त्यांचं दार. त्यांनी चहा दिला, बिस्किटं दिली आणि सही दिली नाही. म्हणाल्या, तुझ्या नवऱ्याला मी वरून उतरवला, आता तोच बर्फ तू माझ्या डोक्यावर ओतणार का? त्यांचा नातू त्याच दारातून शाळेला जातो. मला तोंड वर करता येईना. उपासाच्या दिवसांत मी आमचं संकट उचलून दुसऱ्याच्या दारात ठेवायला निघाले होते.

बार्तुशने दुसरा उपाय काढलाय. उतार पंचवीस अंशच ठेवायचा, वासे जाड आणि जवळजवळ, कडेला लोखंडी आडव्या पट्ट्या. बर्फ वरच थांबेल, सावकाश वितळेल. वासे भार झेलतील, चढायला कुणी नको. याला लुडविनाबाई सही करतात. खर्च नऊ कोटी. पण वन्सं, त्या उताराखाली मधोमधसुद्धा माणूस वाकूनच जाईल. तुमची खोली होत नाही.

मी बार्तुशला हो म्हटलेलं नाही. काम मेमध्ये सुरू झालं नाही तर तो ऑक्टोबरपर्यंत दुसरीकडे जाईल.

एक विचारते, रागावू नका. पाकिटावरच्या पत्त्यात तळघर असं लिहिलंय. ते का?

मनात किंतु न ठेवता उत्तर द्यावे.

तुमची,
गेनोवेफा

शिकागो, ३० मार्च १९९४

चि. सौ. गेन्यास,

स्तुती असो. तू काटकसरी आहेस हे सगळा गाव जाणतो, पण माझ्या खोलीतून दोन कोटी वाचवशील असं वाटलं नव्हतं. पैसे मी पंचेचाळीस अंशांचे पाठवले होते.

तळघराचं विचारलंस. ज्या म्हातारीची मी अकरा वर्षं सेवा केली, तिच्याच घरात राहत होते. ती जानेवारीत, तीन राजांच्या सणादिवशी वारली आणि आठवड्यात मुलांनी घर विकायला काढलं. आता आपल्याकडच्याच, नोव्ही तार्गच्या एका बाईबरोबर तळघरात आहे. खिडकीतून लोकांचे बूट दिसतात. गुडघे गेलेत, नवं काम कुणी देत नाही. तुला पाठवले ते माझे शेवटचे पैसे होते. उन्हाळ्यापुरतं येईन असं लिहिलं, कारण कायमची येते असं लिहायची लाज वाटली.

येंजूला यातलं काही सांगू नकोस, त्याच्या छातीला बरं नाही. लुडविनाबाईच्या नातवाच्या डोक्यावर बर्फ पडावा असं मलाही वाटत नाही. करा काय करायचं ते. माझं मी बघेन.

स्तेफान्या

झाजेले, २४ एप्रिल १९९४

ती. वन्संना सा. न. वि. वि.

येशू ख्रिस्ताची स्तुती असो. तुमचा टोमणा खरा होता. दोन कोटी वाचतात हे ऐकून मला आधी बरं वाटलं, तुमची खोली जाते हे मागाहून सुचलं. कबुलीजबाबात फादरना तेही सांगितलं.

तुमचे बंधू काय झालं म्हणून विचारत होते. तुम्ही नको म्हटलं होतं, तरी मी त्यांना पत्र वाचायला दिलं. त्यांनी ते दोनदा वाचलं, टोपी घातली आणि कुठे जायचं ते न सुचून परत काढली. मग मी त्यांना पांढऱ्या खोलीत घेऊन गेले.

आपल्याकडे त्या खोलीत कुणी झोपत नाही. नाताळानंतर फादर आशीर्वाद द्यायला येतात तेव्हाचा तासभर, आणि घरातलं कुणी गेलं तर त्याला ठेवायला तीन दिवस, एवढीच ती उघडते. माझ्या लग्नाला अठ्ठावीस वर्षं झाली, त्या खुर्च्यांवर मी एकदाही बसलेले नाही. पुसल्या मात्र दर शनिवारी. तुमचे बंधू म्हणाले, गेन्या, इथे आईला ठेवलं होतं. मी म्हटलं, आता जिवंत माणूसही ठेवू.

मग ते पलंगासाठी भिंत मोजायला लागले.

बार्तुशला पंचवीस अंशांचं सांगितलं, लुडविनाबाईंची सही झाली. पांढऱ्या खोलीत ऊब द्यायला शेगडी नव्हती. वाचलेल्या दोन कोटींतून ती बसवली, हिरव्या फरशांची, पक्की. उरले ते तुमच्या नावाने वेगळे ठेवलेत. जिना चढायला नको, गुडघ्यांना बरं. खिडकी डोंगराकडे नाही, लुडविनाबाईंच्या दाराकडे आहे, एवढं सोसावं लागेल. भिंतीवरचे संत मी हलवलेले नाहीत. पुढच्या खेपेला आपल्याला कुठे बसवणार, असं फादरनी विचारलं. स्वयंपाकघरात, असं सांगितलं.

येण्याची तारीख कळवावी. परतीचं तिकीट काढू नका, उगाच खर्च.

तुमच्या वाटेकडे डोळे लावून,
गेनोवेफा