हिचं पान मांजरीने चाटलं

सर्वपित्री अमावस्या, २०११. खांदा कॉलनी.

किळस येते या घराची. तीन कुत्री, चार मांजरं आणि खिरीत केस. आज, गेलेल्या माझ्या बायकोच्या नावाचं पान गच्चीवर ठेवलं. कुत्री इतकी भुंकली की कावळा टेकलाच नाही. तेवढ्यात काणी मांजरी आली आणि खीर चाटून गेली. शी! म्हणजे ही उपाशीच राहिली का?

सुनेला म्हटलं, “दुसरं पान वाढ.”

“बाबा, ती मांजरी आईंनीच आणलेली ना? सोताच्या ताटातलं घालायच्या तिला. मग कावळाच कशाला पायजे?”

दुसरं पान वाढलं नाही. जेवताना माझ्याही खिरीत केस निघाला. बोटाने काढला आणि खीर संपवली.