कोरफडीचा पिवळा चीक

लक्ष्मीबाई नगर, नवी दिल्ली
९ नोव्हेंबर २०२४

चि. अलकनंदास ताईचे अ. आ.

तुझ्या कानांनी संप पुकारल्यापासून आपले फोन बंद झाले, ते बरंच झालं. या सरकारी घरात मी जरा मोठ्यानं बोलले की काय झालं म्हणून गुणवंत धावत येतो.

तुझा भाचा माझी फार काळजी घेतो, तेच माझं दुखणं आहे. हवा खराब म्हणून खिडक्या बंद. लिफ्टची मला धास्ती, म्हणून आठवा मजला सुटत नाही. आणि रोज सकाळी ऑफिसला निघण्याआधी साहेब बाल्कनीतली कोरफड कापतात, मिक्सरमध्ये फिरवतात आणि पेला माझ्या हातात ठेवतात. स्वतः कधी घोट घेत नाहीत, आईसाठी खास ना! पहिल्या दिवशी लेकाचं मन राखायला छान झालाय म्हटलं, ते आता रोज भोगतेय. बुळबुळीत, आणि इतका कडू की दुपारच्या जेवणालाही चव लागत नाही.

त्यात पोट रोज बिघडतं. मी सांगितलंय, दिल्लीचं पाणी मला मानवत नाही, मिरजेला गेल्याशिवाय आराम पडायचा नाही. काल गुणवंत तिकिटाचं बघतो म्हणाला. देवाला हात जोडले. डिसेंबरात तो मिरजेचं आपलं घर भाड्यानं देणार आहे. परकी माणसं आत शिरली की मी इथली कायमची. वडील गेले तेव्हा वेळेवर पोचलो नाही, ही सल त्याच्या मनात आहे. म्हणून आता मला नजरेआड करत नाही. घराची किल्ली नीट ठेव.

सूनबाई चेतना तुझी आठवण काढते. जिवाला जप.

तुझी,
कुसुमावती


मिरज
१६ नोव्हेंबर २०२४

ती. ताईस सा. न. वि. वि.

पत्र वाचून जीव खालीवर झाला. या वयात रोज पोट बिघडणं बरं नव्हे. अगं, गुणवंत पान कापून तसंच मिक्सरात टाकतो की काय? आई कापलेली बाजू खाली करून पान वाटीत उभं ठेवायची, आठवतं? पिवळा चीक पुरता निथळला की मगच काटे आणि साल काढायची आणि आतला गर खळखळून धुवायची. कडू तो चीकच, आणि जुलाबही त्याचेच. दिल्लीच्या पाण्याला उगाच बोल लावतेस. तू एवढी हुशार, हे विसरलीस कशी?

तू भिडेपोटी त्याला सांगणार नाहीस, म्हणून याच पाकिटात गुणवंतला वेगळी चिठ्ठी घातली आहे. लिंबू पिळायलाही लिहिलंय.

तुझं घर झाडून घेते. संध्याकाळी तुझ्या पायरीवर एकटीच बसते. लवकर बरी हो आणि धाकटीवर माया ठेव.

तुझी,
अलका


लक्ष्मीबाई नगर
२७ नोव्हेंबर २०२४

चि. अलकास अ. आ.

तुझी चिठ्ठी गुणवंतनं फ्रिजवर चिकटवली आहे. काय म्हणू तुला! चीक कसा काढतात हे मला ठाऊक नव्हतं का? आईच्या हाताखाली पानं मीच उभी करायची, तू तेव्हा झबल्यात होतीस. मी मुद्दाम गप्प बसले होते गं. त्या चिकाच्या जोरावरच मी मिरजेला येणार होते.

आता रसाला कडूपणाचा लवलेश नाही. पोट ठणठणीत. तिकिटाचं नाव कुणी काढत नाही. गुणवंतनं आणखी कुंड्या आणल्या आणि चेतनाला म्हणाला, आईला दिल्ली आता बिल्कुल सूट झाली. मी बाथरूमचा नळ सोडून रडून घेतलं.

आज सकाळी त्यानं पेला पुढे केला, तो मी घेतला नाही. म्हटलं, रस चांगला, पोट चांगलं, तुझंही काही चुकत नाही. पण मला माझ्या घरी जायचंय. चिकाचंही सांगून टाकलं. त्यानं पेला टेबलावर ठेवला. मग बाबांच्या वेळी मी नव्हतो, एवढंच म्हणाला. मी म्हटलं, ते त्यांच्या स्वतःच्या घरात गेले रे बाळा, तेवढं सुख मलाही राहू दे.

डबा न घेताच तो ऑफिसला गेला. हो म्हणालेला नाही. पेला टेबलावर तसाच आहे, आणि मीही इथेच.

पण भाडेकरू दारात आला आणि किल्ली मागू लागला, तर तुला ऐकू येत नाही, एवढं लक्षात ठेव.

मिरजेची वाट पाहणारी,
ताई