पान बारा छापू नकोस

अधारताल, जबलपूर
रविवार, ६ ऑक्टोबर १९८५

प्रिय मोहनदादास,

शशिकांतचा नमस्कार. इकडे आई-बाबा आणि मी मजेत आहोत. तिकडे तू, वहिनी, मुलं सगळे मजेत असाल. तुझ्या आईला, म्हणजे माझ्या मोठ्या आईला, माझा साष्टांग नमस्कार सांग. मी त्यांना फक्त फोटोत पाहिलंय, तरी सांग.

तुझं जाडजूड पाकीट गुरुवारी पोचलं. काय लिहिलंयस रे दादा! माडबंदरच्या गलबतं बांधणाऱ्या चार घराण्यांचा इतिहास, आणि तो लिहितोय आपल्याच घरातला माणूस! गुरुवारपासून मी फॅक्टरीत दिसेल त्याला सांगत सुटलोय की आमचे पणजोबा कागदावर एक रेघ न ओढता, नुसत्या नजरेच्या अंदाजानं साठ हात लांबीचं गलबत उभं करायचे. आमचे फोरमन म्हणाले, "अरे भैया, फिर तू एक बुश में तीन दिन क्यों लगाता है?" बुश म्हणजे फिरत्या दांड्याभोवती बसते ती धातूची कडी.

माझं मराठी सांभाळून घे. आईनं घरी शिकवलं तेवढंच येतं. शाळा सगळी हिंदीत झाली.

आता खरी गंमत ऐक. आज सकाळी मी तुझी पानं बाबांना मोठ्यानं वाचून दाखवत होतो. तुला माहीत नसेल, पण बाबा बंदराचं नाव काढत नाहीत. मी लहानपणी विचारलं की "खूप पाणी होतं तिथं" एवढंच सांगायचे. आज मात्र मान खाली घालून ऐकत होते. सातव्या पानावर तू गेरूचं लिहिलंयस ना, की फळीला फळी बसवताना एकीच्या कडेला गेरू फासायचा, दुसरी तिच्यावर दाबायची आणि उचलायची. जिथं लाल लागेल तिथं लाकूड वर आलेलं, तेवढंच तासायचं. आणि सगळी कड एकसारखी लाल होईपर्यंत पुन्हा पुन्हा हेच करायचं. ते वाचून मी ताडकन उठलोच! अरे, हे तर माझं रोजचं काम आहे! आम्ही बेअरिंग बसवताना निळा रंग लावतो, दाबतो, उचलतो, निळं दिसेल तिथं घासतो. दोन वर्षं उस्तादाच्या शिव्या खाऊन शिकलो आणि वाटत होतं, हे साहेबाच्या देशातून आलेलं शास्त्र आहे. आपल्या घरात ते चार पिढ्या लाकडावर चाललं होतं आणि मला पत्ताच नाही. काखेत कळसा आणि गावाला वळसा!

मी हे सांगितलं आणि बाबा उठले. त्यांनी मागचा जुना दरवाजा मोडून दोन फळ्या काढल्या, आईच्या तुळशीसाठी आणलेला गेरू उचलला आणि अंगणात बैठक मारली. आई बाहेर येऊन ओरडली, "काय करून राहिले तुम्ही? रिटायर व्हायला एक वर्ष हाये, आताच डोकं फिरलं काय?" बाबा म्हणाले, "थांब ना नर्मदे, पोराला दाखवून राहिलो." बारा वेळा त्यांनी फळी दाबली आणि उचलली. हात असा चालत होता की शेजारचे तिवारीजी चहाचा कप घेऊन तासभर तिथंच उभे. शेवटी दोन्ही फळ्या जोडून बाबांनी वरून लोटाभर पाणी ओतलं. खालची फरशी कोरडी! तिवारीजींनी टाळ्या वाजवल्या. बाबा हसले दादा, दात दिसतील असे हसले. मी त्यांना असं हसताना पंचवीस वर्षांत पाहिलं नव्हतं.

मग म्हणाले, "वाच पुढं." मी वाचलं. घाटातून ट्रक सुरू झाले तशी गलबतांची भाडी गेली, ते सगळं ऐकलं. मग बारावं पान आलं. ते वाचून झाल्यावर बाबा आत गेले. दमले असतील. उन्हात बसले होते ना.

बाकी सर्व ठीक. बाबांची माहिती तू मागितलीस ती अशी: पुंडलिक मेस्त्री, जन्म १९२८, बंदर सोडलं १९५८, जबलपूरच्या फॅक्टरीत सुतारखात्यात नोकरी, पत्नी नर्मदा, माहेर नागपूरकडचं, मुलगा एक, तो मी. एवढं पुस्तकाला पुरेल.

मंगळवार, ८ ऑक्टोबर

दादा, पत्र रविवारीच टाकणार होतो. दोन दिवस खिशात घेऊन फिरलो. ते पुरेल असं वर लिहिलंय, पण पुरणार नाही.

पान बारा छापू नकोस. तिथं तू लिहिलंयस, "१९५८ साली रामराव मेस्त्रींच्या हातचं गलबत पाण्यात उतरवताच गळलं. त्यानंतर त्यांच्याकडे कोणी काम दिलं नाही." आणि सोबतच्या चिठ्ठीत म्हणतोस, "माझ्या बापाची चूक आहे म्हणून लपवणार नाही. इतिहास तो इतिहास." तुझ्या या एका वाक्यानं आमच्या घरात दोन दिवस अन्न गोड लागलेलं नाही.

ज्या फळीतून पाणी आलं ती मोठ्या बाबांनी, तुझ्या बाबांनी, बसवलेली नव्हती. ती माझ्या बाबांनी बसवली.

काल ते स्वतः बोलले. आई पोळ्या लाटत होती, मी ड्यूटीवरून आलो होतो. त्या दिवशी शेवटची फळी राहिली होती आणि पलीकडच्या गावात दशावतार होता. बाबांना जायचं होतं. कारण एवढंच रे! दहा वेळा दाबा-उचला करायचा कंटाळा आला, म्हणून त्यांनी दोन्ही कडांना गेरू फासला. मग काय, कड लालच लाल. मोठ्या बाबांनी येऊन पाहिलं आणि म्हणाले, "छान बसलीय, ठोक." भावावर भरवसा होता, म्हणून उचलून दाबून पाहिलं नाही. गलबत पाण्यात गेलं आणि तिथूनच पाणी आत आलं. ती फळी पुन्हा काढली तेव्हा मोठ्या बाबांना दोन्ही कडा लाल दिसल्या. जाणत्या माणसाला एवढं पुरे. मालक उभा होता, अर्धं बंदर जमलं होतं. मोठे बाबा म्हणाले, "फळी मी बसवली. चूक माझी." बाबांकडे त्यांनी नुसतं पाहिलं. तिसऱ्या दिवशी बाबा निघून आले.

आई लाटणं हातात धरून बसली होती. म्हणाली, "अन् मला काहून सांगितलं होतं, दादानं हाकलून दिलं म्हणून?" बाबा म्हणाले, "तू लग्न केलं नसतं माझ्याशी."

आता माझं. आईकडून ऐकत मी याच गोष्टीवर वाढलो की मोठ्या भावानं धाकट्याला घराबाहेर काढलं. वीस वर्षांचा झालो तेव्हा माझं डोकं तापलं आणि बाबांना न विचारता मी मोठ्या बाबांना पत्र पाठवलं. काय काय लिहिलं ते तुला सांगत नाही. तुला ते कपाटात सापडलं नसेल तर देवाची कृपा. त्यांचं उत्तर आलं, एक कार्ड: "चि. शशिकांत, पत्र पोचलं. पुंडलिकला सांग, दादा रागावलेला नाही. एकदा येऊन जा म्हणावं. तब्येत जपा." मला ते साळसूदपणाचं वाटलं. करून सवरून वर म्हणतात रागावलो नाही! मी कार्ड बाबांना दाखवलंच नाही. तीन वर्षांनी मोठे बाबा गेल्याची तुझी तार आली, तेव्हाही दाखवलं नाही. कोणत्या तोंडानं दाखवू?

काल दाखवलं. मार खाईन असं वाटलं होतं, खाल्ला असता तर बरं झालं असतं. बाबांनी उभ्यानंच वाचलं, परत वाचलं. मग एकदम आईला म्हणाले, "नर्मदे, पेटी काढ. दादानं बोलावलं हाये." आई रडायला लागली आणि बाबा कपडे भरायला लागले. कालपासून त्यांना धीर नाही. आज सकाळी स्टेशनवर जाऊन इटारसीहून मुंबईची गाडी कधी, मग एस.टी. कुठून, सगळं विचारून आले. रंधा पेटीत घातलाय. म्हणतात, मोहनच्या अंगणात लाकूड पडलं असेल तर होडी तरी बांधतो. सत्तावन्न वर्षांचा माणूस, शाळेला सुट्टी लागल्यासारखा घरभर फिरतोय. मला भीती वाटतेय, आणि खरं सांगू? मलाही राहवत नाहीये. मला तो किनारा बघायचाय, जिथं माझ्या हातातलं काम सुरू झालं.

पण तिकीट मी काढू दिलेलं नाही. सत्तावीस वर्षं तुम्ही जे सोसलंत ते आमच्यामुळे. तुझ्या घरातलं काम गेलं, तू बंदरावर कारकुनी करतोस, आणि तरी बापाची चूक स्वतःच्या हातानं लिहायला बसलास. त्या घरात आम्ही यायचं की नाही, हे फक्त तू आणि मोठी आई सांगू शकता. नाही म्हणालात तर बाबांना मी समजावीन. ते मी बघतो.

पुस्तक मात्र दिवाळीआधी छापायला जातंय, म्हणून हे थांबू शकत नाही. बाराव्या पानावर काय घालायचं ते बाबांनी सांगितलं आणि मी लिहून घेतलं. मी दोन शब्द मऊ केले होते, ते त्यांनी खोडायला लावले. जसं आहे तसं देतो:

"१९५८ साली गळलेल्या गलबताची फळी रामरावांचा धाकटा भाऊ पुंडलिक याने बसवली होती. त्याने घाईपोटी लबाडी केली. रामरावांनी दोष स्वतःवर घेतला आणि मरेपर्यंत कोणाला सांगितलं नाही. माडबंदरात त्यांच्याइतका चांगला मेस्त्री दुसरा नव्हता. हे पुंडलिक स्वतः सांगत आहे."

खाली बाबांनी मराठीत सही केलीय. फॅक्टरीत ते इंग्रजीत करतात.

मोठ्या आईला हे तू वाचून दाखव, पण आधी त्यांना बसव.

तुझ्या उत्तराची वाट पाहणारा, आणि तू म्हणू दिलंस तरच तुझा भाऊ,
शशिकांत पुंडलिक मेस्त्री