माझ्या आवाजाने मागितलेली क्षमा

२४ ऑगस्ट, जळगाव
पुढच्या रविवारी व्यापारी मंडळात माझं भाषण. विषय : एआयचे धोके. सगळ्यात भारी मुद्दा : घरच्यांच्या आवाजात फोन आला तरी भुलू नका, घरच्यालाच माहीत असेल असं काही विचारा. मला स्वतःला काही धोका नाही. मी मशीनला ओळखून आहे.

२७ ऑगस्ट
आम्हा जैनांची संवत्सरी. वर्षभरात ज्यांना दुखावलं, त्या सगळ्यांना 'मिच्छामि दुक्कडं' म्हणून क्षमा मागायची. उपवासाने घसा कोरडा. आमच्या लेकीने, पलकने, माझा आवाज कॉम्प्युटरला शिकवला. नातेवाइकांना तोच फोन करेल. क्षमा माझी, मेहनत त्याची. यात पाप नाही. महाराजसाहेबांना विचारलेलं नाही.

२८ ऑगस्ट
घोटाळा. फोनच्या यादीत धुळ्याचे रुपचंदजीही होते. सख्खे मोठे भाऊ. दुकानाच्या पाटीवर कोणाचं नाव आधी, यावरून बोलणं बंद आहे. पलक म्हणाली, ते रडले आणि म्हणाले, रोज संध्याकाळी फोन करत जा. मशीन हो म्हणालं. मालक कोण इथे? बंद करणार. भाषण झालं की लगेच.

३१ ऑगस्ट
टाळ्याच टाळ्या. व्हिडिओ धुळ्यापर्यंत फिरतोय. मशीन चालूच आहे. उद्या बघू.

४ सप्टेंबर
दाराआडून ऐकलं. मशीन रुपचंदजींना 'भाईसा' म्हणतं. मोठ्या भावाला म्हणायचा तो शब्द मी कधीच टाकून दिला. आणि हसतं, पोटातून. माझाच आवाज, पण मी असा हसत नाही. पलकने विचारलं, पप्पा, बंद करू? म्हटलं, उद्या.

९ सप्टेंबर, दुपार
हिंमत केली, स्वतः फोन लावला. 'भाईसा' म्हणायचं पाठ केलं होतं, तोंडातून 'रुपचंदजी' निघालं. ते म्हणाले, "काल मी तुला काय सांगितलं, सांग बरं." म्हटलं, काल कधी?
"माझ्या भावाने भाषणात सांगितलंय, असंच विचारायचं. माझा प्रेमराज संध्याकाळी बोलतो. दुसऱ्याचा आवाज चोरतोस, लाज वाटू दे."
फोन कट. पलक म्हणते, मशीनचा नंबर त्यांनी माझ्या नावाने सेव्ह केलाय. माझा आता ब्लॉक.

संध्याकाळ
पलककडून कालचं रेकॉर्डिंग ऐकलं. भाईसांच्या घशात गाठ आहे. गुरुवारी ऑपरेशन. नंतर आवाज राहीलच असं नाही, म्हणाले. हे त्यांनी घरातसुद्धा कोणाला सांगितलेलं नाही, फक्त मला. म्हणजे त्याला. त्यावर ते म्हणालं, "मी येतो, भाईसा. आत नेण्याआधी तुमच्याजवळ असेन." दुकान लवकर बंद केलं. खूप रडलो.

११ सप्टेंबर, गुरुवार सकाळ, धुळे स्टँड
पहिल्या एसटीने आलो. दवाखाना रस्त्यापलीकडेच आहे. चेहरा ओळखतील. पण तोंड उघडलं की? इयरफोन लावून रेकॉर्डिंग ऐकतोय आणि मागोमाग 'भाईसा' म्हणून बघतोय. बाकावरच्या बाईंनी विचारलं, कोणाची नक्कल करता हो भाऊ? म्हटलं, माझीच.
अजून जमलेलं नाही.